दोन गुंठ्यांची भिंत : ७५० ब्लॉक, ८२ गोण्या आणि अर्धा टन सळई

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत. आकडे नीट पाहता यावेत म्हणून हिशोब ओळी पाडून दिलाय.)



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा कोडवाला माणूस सिमेंटच्या गोण्या कशाला मोजतोय? कारण सांगतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी सध्या एकच सीन आहे. आई किंवा बाबा रिटायर झालेत, गावाकडे किंवा तालुक्याला छोटा प्लॉट घेऊन ठेवलाय, आणि आता त्याला कंपाउंड घालायचंय. फोन येतो, "अरे, तू इंजिनिअर ना? जरा बघ बरं, किती खर्च येईल." आपण कॉम्प्युटरचे इंजिनिअर, पण घरच्यांच्या लेखी इंजिनिअर तो इंजिनिअर. मीही त्यातलाच. बीटेक आहे, पण सिव्हिलचा नाही.

आमचा प्लॉट सातारा जिल्ह्यात. कागदावर २०२ चौरस मीटर, बोलण्यात दोन गुंठे. बाबांनी त्यासाठी पीएफमधले पैसे बाजूला ठेवलेत, आणि ते परत कमवायचं त्यांचं वय नाही. त्यामुळे "साधारण एवढे लागतील" हे उत्तर मला चालणार नव्हतं. आजच्या भागात मी तो सगळा हिशोब तुमच्यासमोर उघडून ठेवणार आहे. दर मुद्दाम सांगणार नाही, कारण दर तालुक्यागणिक आणि महिन्यागणिक बदलतो. पण किती ब्लॉक, किती गोण्या, किती ब्रास, किती किलो, हे एकदा नीट काढलं की दर कुठलाही टाका, उत्तर निघतंच.

आधी हद्द, मग हिशोब

पहिलं काम टेप काढायचं नाहीये. पहिलं काम मोजणीचं. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणी घ्या, हद्दीच्या खुणा कायम करून घ्या. "इथं बांध होता, तिथं बाभळ होती" यावर भिंत उभी करू नका. भिंत एक फूट इकडेतिकडे झाली तर पुढची पंधरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, आणि ज्या शेजाऱ्याशी चहा व्हायचा त्याच्याशी बोलणं बंद.

हद्दीची अजून एक गोष्ट आहे, जी कुणी सांगत नाही. जमिनीवर कॉलम दिसतो ९ इंचांचा, पण त्याच्या खालचं फूटिंग, म्हणजे पायाची पाटी, ३ फूट बाय ३ फूट असते. कॉलम फूटिंगच्या मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना साडेतेरा-साडेतेरा इंच काँक्रीट बाहेर जातं. तुमची भिंत बरोबर हद्दीवर असेल तर तुमचा पाया शेजाऱ्याच्या जमिनीत! आमच्या लांब बाजूला शेत आहे, त्या मालकांना बाबा तात्या म्हणतात. उद्या तात्यांच्या मुलांनी तिथं खोदलं, तर पाया सापडणार त्यांच्या हद्दीत. म्हणून आमच्या सिव्हिल इंजिनिअरनं त्या बाजूला कॉलम फूटिंगच्या मध्यावर न घेता कडेला घेतला. अशा फूटिंगला एका बाजूला कलायची ओढ असते, त्यामुळे सगळ्या कॉलमना खालून बांधून ठेवणारा बीम लागतोच लागतो. हा बीम लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

लांबी आणि कॉलम

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ३३ बाय ३३. दोन गुंठे म्हणजे ३३ बाय ६६. आमच्या एका लांब बाजूला शेजारच्या काकांची भिंत आधीच आहे, ती आपल्याला मोजायची नाही.

मागची बाजू : ३३ फूट
उघडी लांब बाजू : ६६ फूट
पुढची बाजू : ३३ वजा १० फुटांचं गेट = २३ फूट
एकूण : १२२ रनिंग फूट

कॉलम जास्तीत जास्त १० फुटांवर घ्यायचे ठरले. आता तुमच्यातले प्रोग्रॅमर सरसावून बसा. आपण ज्याला 'फेन्सपोस्ट एरर' म्हणतो ना, ऑफ बाय वन, त्याचं नाव कुंपणाच्या खांबांवरूनच पडलंय. सात गाळ्यांना सात नाही, आठ खांब लागतात. पण कोपऱ्यावरचा खांब दोन बाजूंना सामाईक, तो दोनदा मोजायचा नाही.

मागे ४ गाळे : ५ कॉलम
लांब बाजूला ७ गाळे : कोपरा मोजून झालाय, म्हणून आणखी ७
पुढे ३ गाळे : आणखी ३, त्यातला शेवटचा गेटचा एक खांब
गेटचा दुसरा खांब : १
एकूण : १६ कॉलम

नुसतं १२२ भागिले १० केलं असतं तर उत्तर १२.२ आलं असतं. कागदावर बारा-तेरा आणि जागेवर सोळा. मोबाइलवर भागाकार करण्याआधी वहीत प्लॉटचं चित्र काढा आणि खांबांना नंबर द्या.

आता ब्लॉक

आपल्याकडे चार इंची, सहा इंची, आठ इंची असे सॉलिड सिमेंट ब्लॉक मिळतात. कंपाउंडला बहुतेक ठिकाणी सहा इंची वापरतात. भारतीय मानक आयएस २१८५ प्रमाणे ज्याला ४०० बाय २०० बाय १५० मिलिमीटरचा ब्लॉक म्हणतात, तो प्रत्यक्षात ३९० बाय १९० बाय १४० असतो. उरलेले १० मिलिमीटर सांध्याचे, म्हणजे ब्लॉक अधिक माल धरून ४०० बाय २००. त्यामुळे एका चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक, १०० चौरस फुटांना ११६.

सांधा न धरता नुसत्या ३९० बाय १९० नं भागलं तर चौरस मीटरला साडेतेरा येतात, सरळ ८ टक्के जास्त. नेटवरची बरीच कॅल्क्युलेटर अमेरिकेतला १६ बाय ८ इंचांचा पोकळ ब्लॉक धरून चालतात, त्यांचं उत्तर १०० चौरस फुटांना साडेबाराअधिक शंभर. आणि तालुक्याच्या ब्लॉक कारखान्यात साचा त्यांच्या मनाचा असतो. म्हणून एक साधी युक्ती : कारखान्यात जा, दहा ब्लॉक एका ओळीत चिकटून मांडा आणि टेप लावा. ३ मीटर ९० सेंटिमीटर भरले तर तो मानकाचा ब्लॉक. वेगळे भरले तर आपल्या शीटमधला आकडा बदला.

उंची फुटांत ठरवू नका, थरांत ठरवा. एक थर २०० मिलिमीटरचा. "पाच फूट भिंत" म्हटलं तर ७.६ थर होतात, आणि तो ०.६ थर ब्लॉक फोडून करावा लागतो. आम्ही ८ थर घेतले, म्हणजे १६०० मिलिमीटर, ५ फूट ३ इंच.

१२२ फुटांतून कॉलमची जाडी साधारण ११ फूट गेली. उरले १११ फूट, म्हणजे ३३.८ मीटर. गुणिले १.६ केलं की ५४.१ चौरस मीटर, गुणिले साडेबारा केलं की ६७७ ब्लॉक.

इथं बहुतेक जण ५ टक्के वेस्टेज लावून मोकळे होतात. मी गाळ्यागाळ्यानं मोजलं, कारण भिंत सलग नसते, कॉलममध्ये तुटलेली असते. मागच्या गाळ्यात मोकळी जागा २२८६ मिलिमीटर. त्यात पाच अख्खे ब्लॉक आणि २८६ चा एक तुकडा. तो तुकडा काढला की उरलेला चतकोर कशाच्याच कामाचा नाही, म्हणजे थराला ६ ब्लॉक गेले. लांब बाजूला ७. पुढच्या बाजूला चार अख्खे, एक अर्धा आणि एक कापलेला, म्हणजे साडेपाच.

४ गाळे × ६ = २४
७ गाळे × ७ = ४९
३ गाळे × ५.५ = १६.५
एका थराला ८९.५, आठ थरांना ७१६

६७७ आणि ७१६ मधले ३९ ब्लॉक कुणी फोडले नाहीत, कुणी चोरले नाहीत. ते भूमितीत गेले. त्यावर वाहतूक आणि उतरवताना होणारी फुटतूट ४ टक्के धरली की ७४५. आम्ही ७५० धरले.

एक ब्लॉक वीस-बावीस किलोचा. ७५० ब्लॉक म्हणजे पंधरा-सोळा टन माल! तुमच्या प्लॉटपर्यंत भरलेली गाडी जाते का, की अलीकडेच उतरवून डोक्यावर वाहायचा, हे आधी बघा. ती हमाली कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये नसते.

माल : माझे चार, मिस्त्रींचे सहा

सांध्यातला माल काढायचा तर एका ब्लॉकला खालचा आणि बाजूचा असा सांधा धरायचा. १० मिलिमीटरच्या सांध्यानं आमच्या भिंतीला ओला माल होतो २० घनफूट. सांडलेला, थापीवरून पडलेला, पोकळीत गेलेला असा पाव भाग वर धरला की २५. कोरडं सिमेंट-वाळू पाणी घातल्यावर दबते, म्हणून कोरडा माल काढायला गुणिले १.३३, म्हणजे ३३ घनफूट. एकास सहाचा माल, सात भागांतला एक सिमेंटचा, ४.७ घनफूट. पन्नास किलोची एक गोणी जवळजवळ सव्वा घनफुटाची. उत्तर ४ गोण्या.

शीटमध्ये तो आकडा पक्का करण्याआधी मी आमच्या मिस्त्रींना विचारलं, "मिस्त्री, या भिंतीच्या जोडकामाला सिमेंट किती लागेल?" ते भिंतीकडे बघतात तसं रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, "सहा धरा."

मी विचारलं, सांधा केवढा पडतो? त्यांनी उत्तर न देता बोट आडवं धरून दाखवलं. बोटाची जाडी म्हणजे १५ मिलिमीटर. "ब्लॉक सगळे एकसारखे येत नाहीत, दादा. दोरीत बसवायचे तर मालच जास्त घ्यावा लागतो." मी शीटमध्ये १० च्या जागी १५ टाकलं. उत्तर आलं ५.७. सहा!

मला हे फार आवडलं. त्यांच्या डोक्यातल्या आकड्यामागे सूत्र तेच आहे, फक्त इनपुट जागेवरचं आहे. सूत्र नेटवर मिळतं, इनपुट मिस्त्रींकडे असतं. त्यामुळे मिस्त्रींचा आकडा वेगळा आला की लगेच "हा वाढवून सांगतोय" असं समजू नका. कशामुळे वेगळा, ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

अजून एक. वीट पाण्यात भिजवून लावतात, ते डोक्यात बसलेलं असतं. सिमेंट ब्लॉकचं तसं नाही. ब्लॉक भिजवून लावायचा नसतो, फार ऊन असेल तर वरचा आणि कडेचा भाग नुसता ओलसर करायचा. भिजलेला किंवा कालच पाडलेला ताजा ब्लॉक भिंतीत सुकताना आकसतो आणि भिंतीला तडे जातात. म्हणून कारखान्यात विचारा, हे ब्लॉक कधीचे आहेत? पाणी मारून झाल्यावर काही आठवडे सुकलेले घ्या.

खरा खर्च कुठे आहे

नेटवर 'ब्लॉक वॉल कॅल्क्युलेटर' शोधलंत तर बरीचशी कॅल्क्युलेटर इथंच थांबतात. लांबी टाका, उंची टाका, इतके ब्लॉक, इतकं सिमेंट. आमच्या बाबतीत उत्तर येतं सातशे ब्लॉक आणि चार गोण्या. तेवढ्यावर बजेट ठरवलं तर काय होतं, ते आता बघा.

आमच्या इंजिनिअरनं दिलेल्या मापांवरून काँक्रीट असं निघालं :

१६ फूटिंग, ३ × ३ फूट × ९ इंच : १०८ घनफूट
१६ कॉलम, ९ × ९ इंच, सव्वासात फूट : ६५ घनफूट
प्लिंथ बीम, ९ × ९ इंच, १२२ फूट : ६९ घनफूट
वरचं कोपिंग, ८ इंच रुंद, ३ इंच जाड : २० घनफूट
एकूण : २६२ घनफूट

एकास दीडास तीनचं काँक्रीट. १०० घनफूट तयार काँक्रीटला १५४ घनफूट कोरडा माल लागतो, कारण खडीच्या फटींत वाळू बसते आणि वाळूच्या फटींत सिमेंट. हिशोब केला की सिमेंट ६० गोण्या, वाळू ११० घनफूट, खडी २२० घनफूट.

फूटिंगखालचं ४ इंची पीसीसी, ४८ घनफूट, एकास चारास आठ : ५ गोण्या.
जोडकाम : ६ गोण्या.
दोन्ही बाजूंनी गिलावा, १२ मिलिमीटर, एकास पाच : ११ गोण्या.
एकूण सिमेंट : ८२ गोण्या.

आता हे बघा. ८२ पैकी ६५ गोण्या काँक्रीटमध्ये. दर पाच गोण्यांतल्या चार. जोडकामात फक्त ६. आपण ज्याला भिंत म्हणतो, ब्लॉक आणि सांधे, त्यात सिमेंट जवळजवळ जातच नाही. ते जातं फूटिंग, कॉलम आणि बीममध्ये, आणि त्यातला मोठा भाग मातीखाली कायमचा झाकला जातो. काम झाल्यावर तो कुणालाच दिसत नाही.

वाळू आणि खडी ब्रासमध्ये मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आमची वाळू सगळी मिळून २४२ घनफूट, जवळजवळ अडीच ब्रास. खडी २६६ घनफूट, म्हणजे पावणेतीन ब्रास. ट्रॉली आली की रिकामी व्हायच्या आधी टेप लावा : लांबी, रुंदी, उंची फुटांत, गुणाकार भागिले १००. मधे ढीग आणि कडेला खळगा असेल तर वरून सपाट करायला सांगा. आणि वाळू ओली असेल तर सावध. ओलसर वाळू फुगते, तीच वाळू वीस-पंचवीस टक्के जास्त जागा अडवते. मापात ब्रास भरतो आणि सुकली की बसते.

सळईसाठी एकच सूत्र पाठ करा. व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. हा १६२ आकाशातून पडलेला नाही. लोखंडाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर, त्याला वर्तुळाच्या क्षेत्रफळानं गुणलं की तो निघतो. १० मिलिमीटरची सळई मीटरला ०.६१७ किलो, ८ ची ०.३९५. आमची यादी :

कॉलमच्या उभ्या सळया : १०८ किलो
कॉलमच्या रिंगा : ७६
फूटिंगची जाळी : ११२
प्लिंथ बीमच्या सळया : १०१
बीमच्या रिंगा : ७२
कोपिंग : ३१
एकूण : ५०० किलो, बरोबर अर्धा टन.

तुकड्यांसाठी ५ टक्के वर धरा. दुकानदार नग मोजून देत असेल तर १२ मीटरची १० ची एक सळई ७.४ किलोची भरायला हवी. काट्यावर ठेवून बघा.

दोन कोटेशन

या यादीचा उपयोग मला सगळ्यात जास्त कुठं झाला, तर कोटेशन वाचताना. बाबांकडे दोन कोटेशन आली होती, दोन्ही रनिंग फुटाच्या दरात, दोन्ही एकेका ओळीची : 'कंपाउंड वॉल, मालासह, इतके रुपये.' एक बरंच स्वस्त. बाबांचा कल साहजिकच तिकडे. पैसे त्यांचे, आयुष्यभर ओव्हरटाइम करून साठवलेले. मी "हा नको, तो घ्या" म्हणून चालणार नव्हतं.

मी दोघांनाही तेच सहा प्रश्न पाठवले. कॉलम किती फुटांवर? फूटिंग केवढं आणि किती खोल? प्लिंथ बीम आहे का? सळई किती मिलिमीटरची? कोपिंग आहे का? गिलावा एका बाजूनं की दोन्ही? दोघांनीही प्रामाणिक उत्तरं दिली. स्वस्तवाल्यात कॉलम १५ फुटांवर, प्लिंथ बीम नाही, कोपिंग नाही. त्यानं काही लपवलं नव्हतं, तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

मग मी शीटमध्ये तेच आकडे टाकले. १६ ऐवजी १२ कॉलम : १० गोण्या कमी. प्लिंथ बीम नाही : १६ गोण्या कमी. कोपिंग नाही : ५ गोण्या कमी. काँक्रीटच्या ६० पैकी ३१ गोण्या गायब. सळई २७८ किलो कमी, म्हणजे निम्म्याहून जास्त लोखंड गायब. ब्लॉक मात्र जवळजवळ तेवढेच.

बाबांना मी एवढंच दाखवलं : बाहेरून दोन्ही भिंती हुबेहूब सारख्या दिसतील, फरक सगळा आत आहे. बाबांनी कागद बराच वेळ बघितला आणि विचारलं, "मग पैसे वाचवायचेच असतील तर कुठं वाचवायचे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर : दिसतं तिथं वाचवा. गिलावा आत्ता फक्त बाहेरून करा, आतून दोन वर्षांनी केला तरी भिंत पडत नाही. रंग नंतर. गेट साधं घ्या. फूटिंग, बीम आणि सळई मात्र नंतर घालता येत नाही.

उंचीचा मोह

बाबांना खरं तर सात फूट भिंत हवी होती. बिबट्याच्या बातम्या, भुरटे चोर, आईची काळजी, कारणं खरी होती. मटेरियलच्या यादीत उंची फार स्वस्त दिसते. आठाचे दहा थर करायला लागतात १७९ ब्लॉक आणि कॉलमसाठी तीनेक गोण्या, बस्स.

पण वारा भिंतीला ढकलतो तेव्हा पायापाशी जो उलटवणारा जोर येतो, तो उंचीच्या वर्गानं वाढतो. १६०० ची २००० मिलिमीटर केली म्हणजे उंची सव्वापट, पण तो जोर १.५६ पट. म्हणजे जुन्या पायावर दीडपटीहून जास्त जोर. यादीत हे कुठंच दिसत नाही, कारण यादी फक्त वस्तू मोजते. म्हणून ठरलं ते असं : ८ थर, आणि वर लोखंडी अँगल लावून तारा. वारा तारेतून आरपार जातो.

आणि एक गोष्ट जरा गंभीरपणे. २०१९ च्या पावसाळ्यात, २९ जूनला पुण्यात कोंढव्याला भिंत कोसळली आणि १५ माणसं गेली. तीनच दिवसांनी, २ जुलैला, मुंबईत मालाडला भिंत कोसळली आणि वीसहून जास्त माणसं गेली. दोन्हीकडे पाऊस, दोन्हीकडे भिंतीच्या पायथ्याशी झोपड्यांत झोपलेली माणसं. आपली भिंत छोटी असते, मान्य. पण सावलीला बसणारे मजूर, खेळणारी पोरं, बांधलेली गाय, हे सगळं आपल्याही भिंतीच्या पलीकडे असतं. तुमच्या प्लॉटची पातळी शेजारपेक्षा उंच असेल, भिंतीच्या आत भराव टाकणार असाल, तर ती कंपाउंड वॉल राहत नाही, ती माती अडवणारी भिंत होते. तिचा हिशोब वेगळा, पाया वेगळा. पाणी निघून जायला भोकं ठेवावी लागतात. आजची यादी तिला चालणार नाही.

तसंच काळ्या मातीचं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं सगळं उचलते-खाली ठेवते. फूटिंग मुरमापर्यंत न्यावं लागतं. मुरूम तीन फुटांवर लागला तर ठीक, सहावर लागला तर खोदकाम आणि कॉलमचं काँक्रीट दोन्ही वाढणार. म्हणून यादी करायच्या आधी एक खड्डा खणून बघा. आमच्याकडे पावणेतीन फुटांवर मुरूम लागला, म्हणून वरचे आकडे तसे आहेत. फूटिंगचं माप आणि सळई मात्र सिव्हिल इंजिनिअरकडूनच घ्या. त्याची फी एकूण खर्चात किरकोळ असते.

जाता जाता

सगळा माल एकदम आणू नका. सिमेंट टप्प्याटप्प्यानं घ्या, फळ्यांवर रचा, भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि गोणीवरचा आठवडा आणि वर्ष वाचा. तीन महिन्यांहून जुनी गोणी परत करा. ब्लॉक प्लिंथ बीम झाल्यावरच मागवा, तोवर गाळ्यांची खरी मापं हातात येतात. आमचं काम आत्ता, हा भाग रेकॉर्ड करताना, तिथंच आहे. बीम झालाय, त्याला रोज पाणी मारणं चालू आहे, ते खातं आईकडे. पुढच्या आठवड्यात बाबा चौदाही गाळे टेपनं परत मोजणार, आणि मगच ७५० चा आकडा फोनवर सांगणार.

तुमच्या घरून असा फोन आला तर एवढं करा. वहीत चित्र काढा, खांबांना नंबर द्या, थर मोजा, गाळे मोजा, आणि सहा प्रश्न विचारा. मिस्त्रींसोबत बसून एक चहा प्या आणि सांधा केवढा पडतो ते बघा. तुमच्याकडे जांभ्या चिऱ्याची भिंत असेल, विटेची असेल, तरी पद्धत हीच, फक्त मापं बदलतील.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि घरी फोन करा.